शेंदरी छत्रीचा माळ राखू या

मृगाचा दुसरा पाऊस पडून गेला होता. सकाळी सातच्या सुमाराला मी शिरूर तालुक्यातल्या एका गायरानावरून चाललो होतो. रात्रभर भिजलेला मुरूम पायाखाली मऊ लागत होता आणि कुसळीच्या वाळक्या थोंबांतून नवी पाती बोटभर वर आली होती. हिवराच्या झाडाखाली, पडलेल्या शेंगा आणि लेंड्यांच्या थरात काहीतरी शेंदरी दिसलं. आधी वाटलं, कुणीतरी दगडाला शेंदूर लावून देव मांडलाय. वाकून पाहिलं, तर ते भूछत्र होतं.

बोटाएवढ्या जाडीचा, वीतभर उंचीचा दांडा. स्पंजासारखा सच्छिद्र, आणि रंग मारुतीच्या अंगावरच्या ताज्या शेंदरासारखा. टोकाला काळपट हिरवा चिकट लेप, त्याला कुजकट वास, आणि त्या वासावर आलेल्या पाच-सहा माश्या. बुंध्याशी अंड्याच्या कवचासारखं पांढुरकं टरफल फाटून पडलं होतं. शेजारीच आणखी एक पांढरं अंडं जमिनीतून निम्मं वर आलेलं. मी तिथंच बैठक मारली. तासाभरात त्या अंड्याला वरून चीर गेली आणि आतून शेंदरी टोक डोकावलं. ऊन तापायच्या आत दुसरा दांडा पहिल्याच्या बरोबरीला आला. दुपारी परत गेलो, तेव्हा दोन्ही आडवे पडले होते. त्यांचं काम झालं होतं: माश्यांच्या पायांना चिकटून त्यांचे बीजाणू माळभर निघून गेले होते.

याचं शास्त्रीय नाव फॅलस रुबिकंडस. गावात त्याला वेगळं नाव नाही. जवळच वाघर लावून बसलेल्या धनगरवाड्यावरच्या मावशींना विचारलं, "मावशी, याला काय म्हणता तुम्ही?"

"कुत्र्याची छत्री. खायची न्हवं ती, दादा."

"दरवर्षी येते का इथं?"

"येती की. हितं येती. तिकडं पल्याड मागल्या साली चर खणलं ना, तिकडं न्हाय आली औंदा."

मी पलीकडे गेलो. जेसीबीनं ओळीनं खणलेले चर, वर फेकलेला पांढरट मुरूम आणि त्यावर लावलेली गिरिपुष्पाची रोपं. गवताचं थोंब औषधालाही नव्हतं. छत्री तर नाहीच. मावशींनी एका वाक्यात सांगितलेली गोष्ट मी तुम्हाला या लेखात सांगणार आहे, आणि तुमच्याकडे काही मागणारही आहे.

या शेंदरी भूछत्राला जगातून नाहीसं होण्याचा धोका नाही, हे आधीच सांगतो. उष्ण प्रदेशांत ते बऱ्याच ठिकाणी उगवतं. धोका आहे तो त्याच्या घराला, म्हणजे भीमेच्या अलीकडे शिरूर आणि पलीकडे दौंड या तालुक्यांत तुकड्यातुकड्यांनी उरलेल्या माळाला. त्या माळावर पावसाच्या चार महिन्यांत जे जे उगवतं, ते त्याच्याबरोबर जाईल.

भूछत्र म्हणजे झाडाला लागलेल्या आंब्यासारखं फळ असतं. खरं झाड जमिनीखाली असतं: केसाहून बारीक धाग्यांचं जाळं, वर्षानुवर्षं मातीत पसरलेलं. आठ महिने माळ करपलेला दिसतो, तेव्हाही ते जाळं खाली तग धरून असतं. वाळलं गवत, लेंड्या, शेण, मेलेली मुळं यांतला जो चिवट भाग कुणालाच पचत नाही, तो ते फोडतं आणि त्याची पुन्हा माती करतं. काही बुरश्या गवताच्या मुळांतच शिरून राहतात. त्या गवताला स्फुरद आणि पाणी आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. मारवेल, पवन्या, शेडा ही गवतं पाचशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसावर, वीतभर मातीत कशी जगतात, याचं बरंचसं उत्तर या खालच्या सोयरिकीत आहे.

या जगातली एक फार जुनी शेती आपल्या वारुळात चालते. वाळवी वाळलं गवत आणि काटक्या चावून आत नेते, त्यातून मधाच्या पोळ्यासारखे कप्पे बांधते आणि त्यांवर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवते. बुरशी लाकूड फोडते, वाळवी बुरशी खाते. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांची आहे. माणूस शेती करू लागून जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झाली. पाऊस लागला की याच बुरशीची अळंबी वारुळावर आणि वारुळाच्या आसपास फुटते. टोकाला भाल्यासारखी अणी, आणि खाली मुळासारखा लांब दांडा थेट आतल्या पोळ्यापर्यंत गेलेला. वीज कडाडली की अळंबी फुटते, असं आपल्याकडे म्हणतात. तिची व्यापारी लागवड अजून कुणाला साधलेली नाही. वाळवीशिवाय ती वाढत नाही, आणि वारूळ मोडलं की ती संपते.

नागपंचमीला आपल्या घरच्या बाया वारुळाला हळदकुंकू वाहतात, लाह्या ठेवतात. धनगरांच्या कथांत देव वारुळातून प्रकटतो. पूर्वजांनी वारुळाला देवत्व दिलं, ते उगीच दिलं नाही. मग श्रावणात ज्याच्यापुढे हात जोडतो, तेच वारूळ दिवाळीनंतर जेसीबीच्या फाळाखाली जाताना आपण गप्प कसे बसतो?

गप्प बसतो, कारण आपल्याला एक शब्द शिकवला गेला आहे: पडीक. इंग्रजांच्या महसूल खात्याला जिथून सारा मिळत नव्हता, ती जमीन वाया गेलेली. स्वातंत्र्यानंतरही तो शिक्का पुसला नाही. देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशासंचात खुरट्या झुडपांचा माळ आजही त्याच सदरात मोडतो. एकदा 'पडीक' म्हटलं की तिथं काहीही केलं तरी ती सुधारणाच ठरते. चर खणले, सुधारणा. झाडं लावली, सुधारणा. कारखाना आला, प्लॉट पडले, सौरपट्ट्या बसल्या, तरी सुधारणाच.

आणखी एक समज आहे. इथं पूर्वी घनदाट जंगल होतं, ते तोडलं म्हणून माळ उरला. हा समज आपल्याच जुन्या वाङ्मयापुढे टिकत नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी कथा, ओव्या, आख्यायिकांमधले रानवनस्पतींचे उल्लेख तपासले. ४४ प्रकारच्या वनस्पती ओळखता आल्या, त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश माळरानाच्या निघाल्या. घोडनदीच्या काठी शिरूर तालुक्यातलं इनामगाव घ्या. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथं साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची आणि पशुपालकांची वस्ती सापडली. या मुलखात माणूस, जनावर आणि गवत यांचा संसार इतका जुना आहे. माळ कुणी उजाड केलेला नाही. तो मुळातच माळ आहे.

या माळावर काय काय होतं, हे आपल्या आजोबांना विचारा. माळढोक उतरत असे. लांडगा, खोकड, तरस आजही काही ठिकाणी आहेत. दौंडला लागूनच सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, अवघं पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा तिथं टिकला, कारण तेवढं गवत टिकलं. पण लांडगा आणि चिंकारा ओळखतो म्हणून त्यांच्यासाठी बोलणारी माणसं तरी आहेत. त्यांच्या पायांखाली जे जगतं, त्याच्यासाठी बोलायला कुणी नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्याच्या परिशिष्टांत प्राणी आहेत, वनस्पती आहेत. एकही भूछत्र नाही.

जगात इतरत्र हे भान कसं आलं, ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये जुन्या चराऊ कुरणांवर वॅक्सकॅप नावाची भूछत्रं उगवतात. मेण लावल्यासारखी चकचकीत. लाल, नारिंगी, पिवळी, गुलाबी, आणि एक तर पोपटी. नांगरटीचा किंवा रासायनिक खताचा स्पर्श न झालेल्या, मेंढ्या चरणाऱ्या जमिनीवरच ती नांदतात. नत्राचं खत पडलं की गवत तरारतं आणि ही भूछत्रं निघून जातात, ती मग कित्येक दशकं फिरकत नाहीत. इंग्लंड आणि वेल्सनं १९३० नंतरच्या पन्नासेक वर्षांत आपली ९७ टक्के फुलांची कुरणं गमावली. उरलेलं राखण्याची धडपड आज चालू आहे. लेस्टरशायरमध्ये रोक्लिफ मॅनर या वास्तूभोवतीच्या हिरवळीला कायद्याचं संरक्षण मिळालं, ते तिथं उगवणाऱ्या या रंगीत भूछत्रांमुळे.

२०२५ च्या मार्च महिन्यात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत कवकांच्या तपासलेल्या जातींची संख्या १,३०० वर गेली. त्यांपैकी किमान ४११ जाती नाहीशा होण्याच्या वाटेवर आहेत. ९१ जातींच्या मुळावर खतांतून आणि धुरातून येणारं नत्र उठलं आहे. चिलीनं आपल्या पर्यावरण कायद्यात प्राणी आणि वनस्पतींच्या बरोबरीनं कवकांना जागा दिली. आपल्या शेजारी गोव्यात वारुळावरच्या अळम्यांची बेसुमार तोड थांबावी म्हणून कवकशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत वर्षानुवर्षं बोलत आणि लिहीत आले आहेत. विज्ञानाला आजवर कवकांच्या सुमारे दीड लाख जाती ठाऊक आहेत आणि एकूण जाती पंचवीस लाखांच्या घरात असाव्यात असा अंदाज आहे. म्हणजे आपल्या गायरानावर उगवणारी एखादी छत्री विज्ञानाला अजून नवी असू शकते, आणि ती कुणी पाहायच्या आत तिच्यावरून यंत्र फिरू शकतं.

आता आपल्या तालुक्यांकडे येऊ. रांजणगाव आणि कुरकुंभ इथं औद्योगिक वसाहती झाल्या, कालव्यानं ऊस आला, हातात पैसा आला. हे सगळं नको होतं असं मी म्हणत नाही. माझ्याही घरात त्याच पाण्यावरची भाकरी आहे. पण जे उरलं आहे, त्याचाही घास आता चारी बाजूंनी घेतला जातोय. सौर कृषी वाहिनीसाठी राज्यभर गायरानांकडे बोट दाखवलं जातं. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याची मागणी शंभर टक्के रास्त आहे. मग पट्ट्या आधी कारखान्यांच्या आणि गोदामांच्या छपरांवर बसवा, कालव्यांच्या कडेला बसवा, जास्त पाण्यानं चोपण होऊन पिकेनाशा झालेल्या जमिनीवर शेतकऱ्याला भाडं देऊन बसवा. जिवंत गवत मुळासकट खरवडून सूर्य पकडण्याची घाई कशाला?

वृक्षलागवडीचंही तसंच. झाड लावणं पुण्याचं काम, पण जागा बघून. गावठाणात लावा, शाळेत लावा, बांधावर आणि रस्त्याच्या कडेला लावा. माळावर हिवर, बोर, बाभूळ, खैर ज्या अंतरानं आपोआप येतात, तेवढीच झाडं माळाला हवी असतात. गिरिपुष्पाच्या दाट रांगांखाली कुसळीला ऊन मिळत नाही. कुसळी गेली की मेंढरू गेलं. मेंढरू गेलं की लेंडी गेली, आणि लेंडीवर जगणारी छत्री गेली. या साखळीतली एकही कडी रोपवाटिकेत विकत मिळत नाही.

म्हणून या दोन तालुक्यांतल्या माणसांना माझं हात जोडून सांगणं आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्तानं एवढं तरी करू या.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनो, जैविक विविधता अधिनियम २००२ च्या कलम ४१ नुसार तुमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवहीही. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, तेव्हा अनेक ठिकाणी या वह्या घाईघाईनं भरल्या गेल्या. आपल्या गावची वही कपाटातून बाहेर काढा. त्यात भूछत्रांचं पान आहे का, बघा. नसेल तर या पावसाळ्यात ते उघडा. गायरानावर किती वारुळं आहेत, कुठल्या नक्षत्रात काय उगवतं, जुनी माणसं त्याला काय म्हणतात, ते गट क्रमांकासह लिहा. वहीत असलेल्या गोष्टीसाठी भांडता येतं. वहीत नसलेली गोष्ट सरकारदरबारी जन्मालाच आलेली नसते.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक ठराव मांडा. शब्द साधे असू देत: 'आमच्या गावचे अमुक गट क्रमांकातील गायरान हे माळरान म्हणून राखण्यात यावे. ग्रामसभेच्या पूर्वपरवानगीशिवाय तेथे नांगरट, चर, दाट वृक्षलागवड, तणनाशक फवारणी अथवा बांधकाम करण्यात येऊ नये.' गावच्या सामायिक जमिनी गावाच्याच उपयोगासाठी राहिल्या पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली जगपाल सिंग खटल्यात बजावलं आहे. तुमच्या ठरावाला तो आधार आहे. त्याच जैविक विविधता कायद्याचं कलम ३७ राज्य सरकारला जैविक वारसा स्थळ घोषित करण्याचा अधिकार देतं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या एका बोटभर माशासाठी २०२१ साली असं स्थळ घोषित झालं. आपल्या दोन तालुक्यांतलं एक तरी गायरान त्या मानाला का पोहोचू नये?

शेतकरी बांधवांनो, तुमच्या पडक्या तुकड्यात वारूळ असेल तर ते राहू द्या. त्यात विष ओतू नका. बांधावर तणनाशक मारण्याआधी एक वर्ष थांबून बघा, तिथं काय काय उगवतं. शेतात मेंढरं बसवण्याची आपली रीत सोडू नका. धनगराचा वाडा शेतात दोन रात्री उतरला, तर पोत्यातल्या खताच्या पैशात बचत होते आणि माळ-शेताचं नातंही टिकतं. आणि उन्हाळ्यात माळाला काडी लावू नका.

गुरुजी आणि बाई, तुमच्यावर माझी सगळ्यात मोठी भिस्त आहे. पाऊस उघडला की वापसा यायच्या आधीच्या दिवसांत मुलांना घेऊन एक तास गायरानावर जा. एका छत्रीची टोपी अलगद काढून, पात्यांची बाजू खाली करून, अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा. वर वाटी झाका. दुसऱ्या दिवशी कागदावर बीजाणूंची नक्षी उमटलेली असेल: कधी पांढरी, कधी तपकिरी, कधी काळी, कधी हिरवट. ज्या मुलानं ही नक्षी एकदा पाहिली, ते मूल छत्रीला पुन्हा लाथ मारणार नाही. हाताळल्यावर हात मात्र साबणानं धुवायला लावा. रानातली छत्री ओळखीवाचून कुणीही तोंडात घालू नये, हेही तिथंच शिकवा. पावसाळ्यात गवतावर जी मोठी पांढरी छत्री येते आणि जून झाल्यावर जिच्या पोटाकडच्या पात्यांना हिरवट छटा चढते, ती खाऊन माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी होतात. आपल्याला माळ राखायचा आहे, माणूसही राखायचा आहे.

कॉलेजच्या मुलामुलींनो, हातात कॅमेऱ्याचा फोन आहे. वरून, बाजूनं आणि खालच्या पात्यांचा, असे तीन फोटो घ्या. शेजारी एक नाणं ठेवा म्हणजे माप कळेल. कुठल्या झाडाखाली, शेणावर की वारुळावर, तेही लिहा. शिरूरहून सत्तर किलोमीटरच्या आत, पुण्यात, आघारकर संशोधन संस्था आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ आजरेकरांच्या नावाचं कवकांचं संग्रहालय आणि देशाचा कवक-संवर्धन संग्रह तिथं आहे. १९८० साली महाराष्ट्रातल्या अळिंब्यांवरचा ए. व्ही. साठे आणि देशपांडे यांचा अभ्यास याच संस्थेतून प्रसिद्ध झाला. एवढं ज्ञान आपल्या उंबऱ्याशी आहे. तुमच्या नोंदी नीट असतील तर तिथवर पोहोचणं अवघड नाही.

आणि धनगर बांधवांनो, मावश्यांनो, तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीच आम्हाला सांगा. नोंदवहीतलं पहिलं नाव तुमच्या तोंडचं असू द्या. पावसाळ्यात मेंढरं घेऊन तुम्ही या कोरड्या पट्ट्यात परत येता, तेव्हा कुठं काय उगवलं आणि कुठं उगवायचं थांबलं, हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. चर खणलेल्या बाजूला छत्री आली नाही, हे मला कुठल्या अहवालानं सांगितलं नाही. ते एका मावशीनं सांगितलं.

मी त्या गायरानावर पुन्हा गेलो होतो. हिवर उभा आहे, त्याच्याखालचा लेंड्यांचा थर आहे. चर मात्र दोन ओळींनी अलीकडे सरकलेत. पुढची ओळ आखायला मारलेली चुन्याची रेघ हिवरापासून वीस पावलांवर आहे. मी ती पावलं मोजली. ती रेघ पुसायची असेल तर ग्रामसभेत बसलेल्यांचे हात वर व्हावे लागतील.

तेव्हा या पावसाळ्यात मृगाचा दुसरा पाऊस पडला की सकाळी सातला आपापल्या गायरानावर जा. वही न्या, पोरांना न्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हात धरून न्या. शेंदरी काही दिसलं तर खाली बसा, बघा, लिहा. आणि १५ ऑगस्टला ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहा.